तेवीस नंबरचं घर

"अजून खरखर आहेच," ताईंनी हेडसेट डोक्यावरून काढून मेकॅनिकच्या हातात दिला. "सर्दी झालीय ह्याला, दुसरं काही नाही."

एरवी मेकॅनिक हसला असता. हॉस्पिटलच्या अँब्युलन्स-कक्षात बिनवायरचे हेडसेट आल्यापासून ताईंच्या टेबलाशी त्याच्या चकरा चालू होत्या. फोन घेणाऱ्या बाकीच्या मुली खूश होत्या. बोलता बोलता उठून भिंतीवरच्या नकाशापर्यंत जाता येत होतं. तक्रार एकट्या ताईंची. त्याने बॅटरी बदलली, चार्जिंगचा स्टँड वायफायच्या डब्यापासून लांब हलवला, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. दोन्ही कान झाकणारा दुसरा हेडसेटही आणून दिला. खरखर काही जाईना.

पण काल संध्याकाळपासून ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. एका बाईंनी घाबऱ्याघुबऱ्या फोन केला होता. नवऱ्याला श्वास घेता येत नव्हता. ताईंनी पत्ता घेतला, गाडी पाठवली. गाडी तेहतीस नंबरच्या दारात जाऊन उभी राहिली. घर होतं तेवीस. शोधत शोधत तिथे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गाडी लवकर पोचली असती तर कदाचित वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

"साहेबांनी कालच्या फोनचं रेकॉर्डिंग तपासायला सांगितलंय," मेकॅनिक म्हणाला. "हेडसेट राहू दे. सरळ स्पीकरवर लावतो."

बाईंचा रडवेला आवाज खोलीभर घुमला.

"तेहतीस," ताई म्हणाल्या. "तेहतीसच म्हणतायत ना?"

मेकॅनिकने बाकीच्या मुलींकडे पाहिलं.

"परत लाव."

त्याने परत लावलं. ह्या वेळी ताई शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे बघत होत्या.

"तू काय ऐकलंस गं?"

"तेवीस, ताई," मुलगी पुटपुटली. तिच्या ओठांच्या हालचालीवरून ताईंना ते कळलं.

हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्या घरी बहिणीला किती दिवस ऐकवत होत्या! टीव्हीच्या आवाजावरून दोघींची भांडणं व्हायची. कानाचा संशय आला नव्हता असं नाही. आला की त्या तो झटकून टाकत.

मेकॅनिक जवळ येऊन वाकला आणि अगदी हळू काहीतरी बोलला.

"काय?"

तो पुन्हा बोलला.

"अरे, नीट बोल ना!"

"हेडसेट बिघडला होता म्हणून सांगतो मी साहेबांना!" त्याला आवाज चढवावाच लागला. सगळी खोली त्यांच्याकडे बघू लागली. त्याचा चेहरा पार उतरला.

ताईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. "नको रे. उद्या नवा हेडसेट येईल. कान हाच राहील."

त्या उठल्या, स्वतःच साहेबांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून आल्या. तिथून थेट तेवीस नंबरच्या घरी.

दार उघडंच होतं. ज्यांनी फोन केला होता त्या बाई पलंगावरच्या चादरी काढत होत्या. माणसं येऊन गेली असावीत. खुर्च्या भिंतीशी लागल्या होत्या.

"फोन मी घेतला होता," ताई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "तुम्ही नंबर बरोबर सांगितलात. चूक माझी. मला नीट ऐकू येत नाही, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही."

बाईंचे हात थांबले. वर न बघताच त्या काहीतरी बोलल्या. बरंच बोलल्या. मान खाली होती, ओठ दिसत नव्हते. ताईंना एक शब्द धड कळला नाही. शिव्या होत्या, की माफी होती, की नवऱ्याविषयीच काही होतं?

परत सांगा, असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

बोलणं संपलं. बाई एकट्याच चादरीची घडी घालू लागल्या. चादर मोठी होती, तिचं एक टोक जमिनीला लागत होतं. ताई पुढे झाल्या आणि त्यांनी ते उचलून धरलं.