रेतीतले सहा कंद

मी कोणाचं ऐकत नाही, असं माझा नवरा पुंडलिक सगळ्या सेक्टरला सांगत फिरतो. एकदाच ऐकलं, आणि तिथंच चुकले.

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून वर्ष झालं होतं. समोरच्या क्वार्टरमधल्या रशियन इंजिनियरची बायको, ल्युदमिला, चैत्रात सुट्टीवर मायदेशी निघाली. जाताना तिने डेलियाच्या फुलझाडाचे सहा कंद माझ्या पदरात घातले. तिच्या आईच्या अंगणातले. आई गेली, घरही गेलं. आईचं म्हणून आता एवढंच उरलं होतं. "ठंड में मर जाता है. गरम जगह रखना, नलू," असं तीनतीनदा बजावून ती गेली. तिच्या गावी बर्फ पडतो ना! मी मुकाट्याने कंद शेगडीमागे ठेवले.

भिलाईचा वैशाख, त्यात कोळशाची शेगडी! आठ दिवसांत एक कंद पार सुरकुतला. माझं स्वतःवरच डोकं फिरलं. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याची लेक मी. हळदीचं बेणं कसं राखतात ते लहानपणापासून बघितलेलं, आणि बर्फातली रीत इथं चालवत होते! बांधकामावरची रेती आणली, चाळली, उन्हात सुकवून गार होऊ दिली. कंदांना राख चोळून जुन्या माठात रेतीच्या थरांत निजवलं आणि माठ मागच्या खोलीत खाटेखाली सरकवला. पावसाळा लागल्यावर दर आठ दिवसांनी एकेक काढून बघायचे. बुरशीचा ठिपका दिसला की ब्लेडने खरवडून पुन्हा राख.

"पोराईले नाही जपत एवढं," पुंडलिक चिडवायचा.

"पोरं रडून सांगते. याईले तोंड हाये का?"

आषाढी एकादशीला सासूबाई, मनकर्णाबाई, गावाहून आलेल्या. मी नळावरून पाणी घेऊन आले तर शेगडीवर पातेलं रटरटत होतं आणि माठ रिकामा.

"उपासाले रताळे उकडले वो," त्या कौतुकाने म्हणाल्या. "रेतीत कसे मस्त ठेवले होते तू! आपल्या घरच्यावानीच."

मी हंडा ठेवला आणि हमसून हमसून रडले. खरं काय ते कळल्यावर सासूबाईंचाही चेहरा उतरला. पाच कंद शिजले होते. सहावा, तोच शेगडीमागे सुरकुतलेला, त्यांनी फेकायला काढून ठेवला होता.

तो मी उचलला. हा जगला पाहिजे, बस्स! पुन्हा राख, पुन्हा रेती. सासूबाई गावाला जायचं नाव काढेनात. आठवडा भरला की माझ्याआधी माठापाशी जाऊन बसायच्या.

पोळ्यानंतर ल्युदमिला परतली. मी तिला बसूही दिलं नाही. उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं आणि तो एक कंद तिच्या हातावर ठेवला. तिने तो उलटसुलट करून बघितला. मग सासूबाईंकडे वळून तिने विचारलं, "मीठा था?"

"फिक्के होते, बाई," सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या.

ल्युदमिलाने त्यांचा हात धरला. "लड़ाई में खाना नहीं था. मेरी माँ ने भी सब उबाले, हम बच्चों को खिलाए. एक रखा. उसी एक से सारा बगीचा."

कंदाच्या मानेपाशी लालसर डोळा फुटला होता. सासूबाईंनी पदर खोचला आणि माझ्याकडे कुदळ मागितली.