एकाच झाडाची बाग

वडिलांनी नासपतीची बाग लावली तेव्हा गोड फळांच्या ओळींमध्ये अधूनमधून आंबट, खरखरीत फळांच्या झाडांची एक ओळ घुसवून ठेवली होती. का, ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. वडीलधाऱ्यांना कारणे सांगण्याची सवय नसते आणि मुलांना ती विचारण्याची मुभा नसते. या व्यवस्थेला घराण्याची शिस्त म्हणतात.

वडिलांमागे बाग दादांकडे आली. दादांना शुद्धतेची हौस. दर हिवाळ्यात ते काही आंबट झाडे छाटत आणि उरलेल्या खुंटांवर घराण्याच्या गोड झाडाची कलमे बांधत. दरवर्षी फळ कमी येई. दोष कधी हवेचा निघे, कधी गड्यांचा, कधी मधमाश्यांच्या आळशीपणाचा. शेवटी आंबट झाडांची एकच ओळ उरली, आणि यंदाही फळ धरले नाही तर बाग विकावी लागणार हे उघड झाले. तेव्हा वहिनींनी नणंदेला बोलावून घेतले. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे.

"दादा, ही ओळ तोडू नकोस."

"या, मास्तरीणबाई. माहेरी आलात, चहा घ्या. शिकवणी कॉलेजात."

"तुझी सगळी गोड झाडं एकाच झाडाची कलमं आहेत. म्हणजे अख्ख्या बागेत झाड एकच. फुलावर स्वतःचा पराग पडला की फूल त्याला ओळखतं. पराग रुजतो, त्याची नळी बीजाकडे निघते, आणि अर्ध्या वाटेत फूल तिला विष घालून मारतं."

"आपल्याच पोराला?"

"आपलं आहे म्हणूनच."

दादा मनापासून हसले. "अगं, असलं वागायला ती काय माणसं आहेत?"

दुसऱ्या दिवशी ओळ तुटली. निघताना नणंदेने वहिनींना एवढेच सांगितले, "बहर आला की कुंपणापलीकडून फुललेल्या फांद्या आणा. पाण्याच्या बादल्यांत घालून झाडांमधून ठेवा. बाकीचं माश्या बघतील."

कुंपणापलीकडे सावत्र भाऊ राहत असे. वाटणीत त्याला दगडधोंड्यांची लांबलचक पट्टी आणि तिच्या पार टोकाची आंबट झाडे मिळाली होती; दादा त्याचे नावही घेत नसत, 'तो' म्हणत.

बहर आला, आणि असा आला की पाने दिसेनात. वहिनी पहाटे कुंपणाशी गेल्या.

"वहिनी, तुम्ही? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

"फुललेल्या फांद्या हव्यात, भाऊजी."

"चुलीत घालायला?"

"नाही. बादल्यांत ठेवायला, नवरदेव म्हणून."

तो पोटभर हसला आणि हव्या तेवढ्या कापून दिल्या. "कुणाच्या ते सांगू नका. नाहीतर बादल्यासुद्धा वाळीत टाकेल."

सांगावे लागलेच नाही. कापलेल्या फांदीवरचे परके फूल दादांनी लांबून, एका नजरेत ओळखले. ओळखण्याच्या कलेत ते कोणत्याही फुलाला हार जाणारे नव्हते. फक्त कुणाला मारायचे याचा त्यांचा नियम उलटा होता.

"बाग आपली, बहर आपला, आणि भीक त्याच्या दारात?" एकेक बादली त्यांनी लाथेने उलथली आणि फांद्या पेटवून दिल्या. वहिनींनी एकच बादली पदराआड लपवून कपडे धुण्याच्या दगडामागे सरकवली.

पाकळ्या गळाल्या. मागे राहिलेले हिरवे ठिपके पिवळे पडले आणि देठासकट झडले; बागेतून चालताना ते पायाखाली कुरकुरत. धुण्याच्या दगडाजवळचे एक झाड मात्र फळांनी वाकले.

हंगामात नणंद पुन्हा आली. दादांनी तिचा हात धरूनच तिला तिथे नेले.

"बघ. इथे कुठला परका? एकट्याने धरलंय. बाकीची झाडं नासकी निघाली, एवढंच."

"अहो, इथे बादली होती," वहिनी म्हणाल्या. "मीच ठेवली होती. दगडामागे."

दादांनी बायकोकडे पाहिले. चाळीस वर्षांच्या संसारात तिने प्रथमच काही सिद्ध केले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. होती ती कीव. "बादलीने फळं धरतात होय? मग उद्या हंडाही ठेव."

"दादा, ती खरं सांगते आहे."

"तुम्ही दोघी बाहेरच्या. एक बाहेरून आलेली, एक बाहेर गेलेली. तुम्हाला हे कळायचं नाही."

अर्धी बाग विकली गेली. घेणाऱ्याने ती लाकडासाठी तोडली. उरलेल्या अर्ध्या बागेतले प्रत्येक झाड दादांनी खुंटापर्यंत छाटले, आणि प्रत्येक खुंटावर त्या एकाच झाडाची काडी बांधायला घेतली. घराण्याचा खरा कस त्या झाडात उतरला आहे, असे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितले. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या.

कलमांवर गुंडाळायची फडकी ओली ठेवायला त्यांनी बादली मागितली. वहिनी दगडामागे गेल्या, बादलीतली वाळलेली फांदी काढून टाकली, बादली विसळली आणि पाण्याने भरून नवऱ्यापुढे आणून ठेवली.