थोरलीच्या पोटात माझं इंजिन

मी धाकटी बोलतेय. आवाज पोकळ वाटला तर माफ करा. बॉनेटखाली आता काही उरलेलं नाही.

या घरच्या शेडमध्ये आम्ही दोन जुन्या मोटारी. थोरली माझ्याहून पस्तीस वर्षांनी मोठी. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, दुमडायचं छत. पाहुणे आले की तुलना ठरलेली. तिला म्हणायचे, "काय रुबाब आहे!" आणि मला, "ही पण जुनीच का?"

मी पत्र्याचा साधा डबा, मान्य. पण थोरलीला वर्षातून दोनदा अंगणात ढकलत आणायचं, फोटो काढायचे आणि परत आत ढकलायचं. बाजारहाट, शाळा, बाळंतपणं सगळी माझ्या माथी. राबायचं एकीनं, मिरवायचं दुसरीनं. हा मत्सर वाटेल. असेलही. मी पुष्कळदा तपासून पाहिलं. मत्सर वजा केला तरी राग शिल्लक राहतोच.

यंदा जुन्या मोटारींच्या फेरीत सगळ्यांच्या पुढे धावायचा मान थोरलीला मिळाला. अट एकच, मोटार स्वतःच्या बळावर धावली पाहिजे. तिचं इंजिन तर कधीच जाम झालेलं.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, धाकटीचं ठणठणीत आहे. थोडं वेल्डिंग केलं की थोरलीत बसेल."

"अरे, त्या दिवशी हिनं वेळेत दवाखाना गाठला म्हणून बाबा आणखी नऊ वर्षं जगले," ताई म्हणाली. दिवंगत मालकांची ही मुलगी. गाडी शिकली ती माझ्यावरच.

"मग काय हिला डोक्यावर घेऊन नाचू?" तिचा भाऊ म्हणाला. "आणि बॉनेट उघडून बघतंय कोण?"

काढण्याआधी मिस्त्रीला इंजिन एकदा चालवून बघायचं होतं. मी ठरवलं, आयुष्यात एकदा तरी अडून बसायचं. सुरूच झाले नाही तर बेत फिसकटेल, एवढं मला कळत होतं. किल्ली फिरली आणि मी पहिल्या फटक्यात सुरू झाले. जन्माची सवय, दुसरं काय. त्यांच्यावर राग आहेच. पण त्या क्षणासाठी मला स्वतःचीच जास्त चीड येते. तासाभरात माझं इंजिन माझ्याच डोळ्यांसमोर साखळीला लटकत होतं.

आज सकाळी थोरली फाटकातून बाहेर पडली. तिच्या पोटातून माझा आवाज आला. ताई पायरीवरच थबकली.

"बस ना, तुझ्यासाठी पुढची जागा ठेवलीय," भाऊ म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे. मी चालत येते."

मी आता चार विटांवर उभी आहे. थोरली दिसली तर जरूर पाहा. तिचे दिवे खरंच देखणे आहेत. पण बाजारामागचा चढ ती एका दमात चढेल आणि तुमचे हात टाळीसाठी उठतील, तेव्हा क्षणभर थांबा. तो चढ मी चढतेय.