तारण ठेवलेली बत्ती

मित्रांनो, शेख मुजल्लींच्या बैठकीच्या भिंतीवर माझ्या डावीकडे तीन रायफली टांगलेल्या आहेत आणि उजवीकडे दोन. मधल्या खिळ्यावर मी आहे. येणारे पाहुणे गालात झिंग आणणाऱ्या पानांचा तोबरा धरून आधी रायफलींकडे बघतात, मग माझ्याकडे बोट दाखवतात आणि विचारतात, "हे कसलं हत्यार?" शेख उत्तर देत नाहीत. म्हणून मीच सांगते.

मी घसा बघायची एक जुनी बत्ती आहे. शिकलेली माणसं मला लॅरिंगोस्कोप म्हणतात. दोन सेल मावतील एवढी पोलादी मूठ, तिला जोडलेली वाकडी पाती आणि पातीच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढा दिवा, एवढाच माझा संसार. सियालकोटच्या कारखान्यात मला ठोकून, घासून, चकचकीत करून पेटीत घातलं. पेटी उघडली ती थेट येमेनच्या या डोंगरात, एका लहानशा दवाखान्यात. मला हातात घेणारा माणूस होता नशवान. रोग्याला भूल देणं आणि त्याचा श्वास सांभाळणं हे त्याचं काम. जीभ बाजूला सारून मी श्वासाची वाट उजळायची आणि त्या वाटेने नशवानने नळी सरकवायची. आमच्या डोंगरात गोळ्या गारांसारख्या पडतात, त्यामुळे मला कधी रिकामं बसावं लागलं नाही. फुटलेले जबडे, रक्ताने भरलेली तोंडं, दातांचे तुकडे, सगळं मी फार जवळून पाहिलं आहे.

नळी जीव वाचवते, पण बरेच दिवस मुक्काम ठोकला की घसा तिच्यावर चिडतो आणि आतून सुजतो. नळी आहे तोवर ही सूज कळत नाही, कारण वाट तीच उघडी धरून असते. नळी काढली की सुजलेलं मांस मिटतं आणि माणूस भर उजेडात, हवेच्या समुद्रात बुडून मरतो.

मुसईद नावाचा ट्रकचालक तसाच मेला. अकरा दिवस त्याच्या घशात नळी होती. ईदच्या आधी त्याला घरी न्यायचं म्हणून त्याचे चुलतभाऊ हटून बसले आणि नशवानने भिडेखातर नळी काढली. पाऊण तासात मुसईदच्या घशातून शिट्टी वाजू लागली. नशवानने मला आत घातलं. पण दाखवायला वाटच उरली नव्हती, नुसतं लाल, फुगलेलं मांस. तो माझ्या उजेडात गेला. चुलतभावांनी नशवानचा उजवा हात टेबलावर धरला आणि रायफलीच्या दस्त्याने दोन बोटं ठेचली. मी त्याच टेबलावर पडून होते. हाडांचा तो आवाज मी अजून विसरलेली नाही.

तेव्हापासून नशवानने एक नियम केला. नळी काढण्याआधी तिच्या टोकाचा, तिला घशात घट्ट बसवणारा फुगा रिकामा करायचा आणि रोग्याच्या तोंडाशी कान लावायचा. नळीच्या कडेने हवा सुस्स करून निसटली तर वाट मोकळी आहे. आवाज आला नाही तर सूज आहे. मग सूज उतरवणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, दर चार तासांनी एक, अशी चार. बारा तास थांबायचं आणि मगच नळीला हात लावायचा. ऐकायला सोपं आहे, पण आमच्या डोंगरात बारा तास कुणी थांबत नाही.

त्या वर्षी वरच्या गावच्या मबखूतला खालच्या गावच्या एकाने विहिरीवर गोळ्या घातल्या. दोन छातीत, एक पोटात. वरच्या गावाने त्याच दिवशी खालच्या गावचे दोघे टिपले. शेख मुजल्ली मधे पडले, दोन्ही गावांकडून रायफली तारण घेतल्या आणि आठ दिवसांचा तह ठरवला. आठव्या दिवशी दुपारच्या नमाजापर्यंत मबखूतने स्वतःच्या तोंडाने "सोडलं" म्हटलं तर वैर मिटलं. नाही म्हटलं, तर रायफली ज्याच्या त्याला परत आणि मग ज्याचं नशीब त्याच्याबरोबर.

मबखूत वाचला होता, शुद्धीवर होता, पण घशात नळी. आठव्या दिवशी पहाटे नशवानने फुगा रिकामा केला आणि कान लावला. आवाज नाही. पहाटेच्या अजानला त्याने फुगा पुन्हा भरला आणि पहिली सुई टोचली. उजाडल्यावर शेख आले.

"दुपारी काढ नळी," ते म्हणाले.

"दुपारी काढली तर तो बोलायचा नाही, मरेल. संध्याकाळच्या अजानपर्यंत थांबा."

"तोवर तह संपतो, बाबा."

"मग मानेने होकार देईल. लिहून देईल."

"मान तर बकरीसुद्धा हलवते. आणि लिहिलेलं कुणी वाचायचं, तू? शब्द तोंडातून यायला हवा."

"शब्द यायला आधी वाट तर हवी ना, शेख!"

शेख हसले, पण लगेच गंभीर झाले. "वेळ मागणाऱ्याने हत्यार तारण ठेवायचं. रीत तुला माहीत आहे. ठेव."

नशवान कमरेला खंजीर लावत नसे, रोग्यावर वाकताना टोचतो म्हणून. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि मला उचलून शेखांच्या हातात दिलं.

"माझं हत्यार हेच."

नर्स अरवा ओरडलीच, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? आपल्याकडे एकच आहे ती!"

"संध्याकाळपर्यंतच गं," नशवान म्हणाला.

मित्रांनो, माणसं एवढी शहाणी असून असं कसं वागतात, मला कळत नाही. ज्या दिवशी माझी सर्वांत जास्त गरज पडणार होती, त्याच दिवशी मी शेखांच्या पट्ट्यात, खंजिराशेजारी जाऊन बसले. खोटं का बोलू, थोडा अभिमानही वाटला. हत्यारांच्या पंगतीत आजवर मला कुणी बसवलं नव्हतं.

दवाखान्याच्या अंगणात खालच्या गावचा म्हातारा गालिब दोन बैल घेऊन उभा होता. गोळी घालणारा त्याचाच मुलगा. माफी मागताना दारात बैल कापायची आमच्याकडे चाल आहे. गालिब सकाळपासून कासरा धरून उन्हात उभा होता, कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसरी सुई झाली, तिसरी झाली. चौथी भरून तयार होती. सावल्या लांबल्या.

आणि मबखूतचा भाऊ जुब्रान रायफल घेऊन अंगणात शिरला. तो मुळातच उतावळा, त्यात दिवसभर लोकांनी कान भरलेले.

"आठ दिवस माझ्या भावाच्या तोंडात बोळा कोंबलाय तुम्ही! बोलू द्या त्याला. तो माफी देणार नाही, रक्त मागेल रक्त!"

शेख उठेपर्यंत तो आत गेला होता. पुढचं मी पट्ट्यातून ऐकलं आणि नंतर अरवाच्या तोंडून. अरवा दारात आडवी झाली, तिच्या तोंडावर दस्ता बसला. नशवानच्या बरगडीत लाथ बसली. जुब्रानने नळी मुठीत धरली आणि ओढली, टोकाचा फुगा भरलेला असतानाच. फुगा घसा सोलत बाहेर आला आणि त्यामागून रक्त.

"बोल, मबखूत! बोल ना रे!"

मबखूतने तोंड उघडलं. बाहेर आली ती शिट्टी. मुसईदच्या घशातली तीच शिट्टी. ओठ निळे पडू लागले. जुब्रान घाबरला, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात रायफल होती. तो धावत अंगणात आला, "मारला! माझ्या भावाला मारला!" असं ओरडला आणि पहिल्यांदा जो दिसला त्याच्यावर गोळ्या झाडल्या. दिसला गालिब. म्हातारा कासरा न सोडता खाली बसला आणि तसाच आडवा झाला. बैल बुजून भिंतीवर आदळले. खालच्या गावच्या माणसांनी खंजीर उपसले, एकाने जुब्रानचा खांदा उभा चिरला, तरी तो भिंत ओलांडून पळाला. रक्ताचा वास नाकात गेल्यावर बैल हंबरतात तो आवाज तुम्ही कधी ऐकू नये.

त्या गदारोळात अरवा बाहेर आली. ओठ फाटलेला, हनुवटीवर रक्त. तिने सरळ शेखांच्या पट्ट्याला हात घातला.

"बत्ती द्या! त्याचा घसा मिटतोय!"

शेखांनी माझ्यावर मूठ आवळली. "तारण हातातून सुटलं तर तह सुटला, पोरी. मग आज इथे एक नाही, वीस मुडदे पडतील."

"तर मग नका सोडू हातातून!" अरवा किंचाळली. "तारणासकट तुम्हीच चला आत!"

आणि शेख आले. मूठ त्यांचीच राहिली. त्या मुठीवर नशवानची वाकडी बोटं आवळली गेली. दोघांनी मिळून मला मबखूतच्या तोंडात घातलं. "वर उचला. मनगट वळवू नका. दात तुटतील, उचला!" नशवान बोलत होता आणि शेख एखाद्या शिकाऊ पोरासारखे ऐकत होते. मी माझा सगळा उजेड ओतला. रक्त, फुगलेलं मांस आणि मध्ये एक फट. दाभणाला जेमतेम वाट मिळेल एवढी फट. ती त्या तीन सुयांनी राखलेली होती. मुसईदच्या घशात तेवढीही नव्हती. अरवाने सर्वांत बारीक नळी हातात दिली, नशवानने ती त्या फटीतून घातली आणि मबखूतची छाती वर आली.

शेख वाकून अजून आतच पाहत होते. "हे असं असतं?" ते हळूच म्हणाले.

"हे असं असतं, शेख. म्हणून वेळ मागत होतो."

शेख मला हातात धरूनच अंगणात गेले आणि गालिबच्या प्रेताशेजारी जमिनीवर बसले. "दार मी डोळ्यांनी पाहिलंय," ते म्हणाले. "शब्द आत आहे, वाट सुजलीय. आता ज्याला कुणाला मारायचं असेल त्याने आधी मला मारा." कुणी पुढे आलं नाही. खालच्या गावची माणसं गालिबला खांद्यावर घेऊन निघून गेली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथे बैल जागेवर राहिले, माणूस गेला.

त्यानंतर कुणी घाई केली नाही. चौथ्या दिवशी पहाटेपासून पुन्हा चार सुया, बारा तास. संध्याकाळी नशवानने फुगा रिकामा केला, कान लावला. सुस्स! इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. त्याने नळी काढली. मी शेखांच्या हातात, उशाशीच होते. मबखूत खोकला, थुंकला, दम खाल्ला. मग चिरक्या, खरखरीत आवाजात म्हणाला,

"गालिबकाकांना बोलवा. त्यांच्यासमोर म्हणतो. मी सोडलं."

अरवाने भिंतीकडे तोंड फिरवलं. नशवान रिकाम्या नळीकडे बघत राहिला. शेवटी गालिब गेल्याचं शेखांनीच मबखूतला सांगितलं.

वैर मिटलं नाही, मित्रांनो, नुसतं थांबलं आहे. आता माफीचा शब्द खालच्या गावाकडे आहे. जुब्रान अजून सापडलेला नाही. मबखूत दर शुक्रवारी खाली जातो, गालिबकाकांच्या बंद दाराशी बसतो आणि संध्याकाळी परत येतो. त्या दाराआडच्या माणसांच्या घशातली सूज उतरवणारी सुई नशवानकडे नाही. आणि निवाडा होत नाही तोवर तारण परत देता येत नाही, म्हणून मी इथे. नशवान खाली दुसऱ्या दवाखान्याची उसनी बत्ती वापरतो, तिचा दिवा मध्येच मालवतो म्हणे. महिन्यातून एकदा तो डोंगर चढून येतो. मला मागत नाही. खिळ्यावरून काढतो, सेल बदलतो, पाती पुसतो, दिवा लावून बघतो आणि परत टांगतो. दिवा अजून लागतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या घशातून शब्द हवा असेल तर आधी वाट उघडू द्या. चार सुया, बारा तास. तेवढं थांबा. जुब्रान तिसऱ्या सुईपर्यंत थांबला होता. आणि हो, खालच्या गावात तुमची कुणाशी ओळख असेल, तर गालिबकाकांच्या दारात जा आणि माझ्यासाठी एक शब्द टाका.