तुजं उघड, माजंबी उघड

“प्रभू येशू, तिसऱ्या माल्यावरच्या निशाबायला माफ कर!”

तळमजल्यावरच्या शरीफाभाभींच्या खिडकीतून आवाज आला. सकाळचे दहा. भाभींच्या नातवाला न्हाऊ घालून झालं की गुणाबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करायच्या. गेले बारा दिवस त्या प्रार्थनेच्या शेवटी माझं नाव. मजल्यासकट. समोरच्या विंगमधल्या बायका कपडे वाळत घालता घालता माझ्या गॅलरीकडे बघायच्या.

गुणाबाई कर्नाळ्याकडच्या गावातल्या. पनवेलला येऊन तान्ह्या बाळांना मालिश करायच्या, न्हाऊ घालायच्या. नवरा गेल्यावर त्या प्रभूत आल्या आणि ते कधी लपवलं नाही. माझ्या मुलीला पायांवर पालथी घालून तेल चोळताना सांगायच्या, “मी रडत व्हते तवा येशूनं मला धरलं, बाय. तुलाबी धरंल.” मी बी.एस्सी. झालेली, तरी दाराच्या फटीतून लक्ष ठेवून असायचे. येशूचं नाव खटकतं, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं खटकायचं ते वेगळंच. माझ्याकडे तासभर किंचाळणारं पोर त्यांच्या मांडीवर गप्प व्हायचं.

मग मुलीला ताप आला. त्या म्हणाल्या, “डाक्टरकडं ने. मी प्रार्थना करते.” मी त्यांचं येणं बंद केलं आणि सोसायटीत सांगितलं, ही बाई औषध बंद करायला सांगते. लिफ्टमध्ये सांगितलं, हळदीकुंकवात सांगितलं. आठवड्यात त्यांची आमच्या बिल्डिंगमधली सहा घरं सुटली. शरीफाभाभींनी मात्र माझं ऐकलं नाही. “हात अच्छा है उसका. दुआ कुणाची का असेना,” म्हणाल्या.

आज मी मुलीला कडेवर घेऊन तडक खाली गेले.

“माझं नाव कशाला घेता चारचौघांत?”

“वैऱ्यासाठी प्रार्थना करायची, आमाला असं शिकवलंय.”

“मग मनात करा ना!”

“तू मनात बोललीस?” तेलाचे हात पुसत त्या म्हणाल्या. “लिफ्टमदी बोललीस. तुजं उघड, माजंबी उघड.”

शरीफाभाभी तोंडावर ओढणी धरून हसल्या.

“बरं, केलंत ना माफ? मग झालं.”

“मी कुटं केलं? त्याला सांगते, तू कर. मला जमत नाय अजून.”

“मग हवंय काय तुम्हाला?”

“जितं बोललीस तितं जा. मी मागं उभी राहीन.”

प्रार्थनेतलं नाव थांबेल म्हणून मी गेले. पहिलं दार वेणूताईंचं.

“औषधाचं मी खोटं बोलले होते.”

“अगंबाई!” त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. “पण घरात येऊन येशूचं बोलतात, ते तरी खरं ना?”

मी नाही म्हटलं असतं तर एक घर परत मिळालं असतं. माझी जीभ वळलीही होती. त्याआधीच मागून आवाज आला, “ते खरं. बोलते. उद्याबी बोलेन.”

दार लागलं. पुढच्या तीन दारांवर हेच. दोन उघडलीच नाहीत.

“गेलीच की सहाही घरं,” जिन्यात मी म्हणाले. माझ्या आवाजात जरासा आनंद होता. तो मला ऐकू आला. त्यांनाही आला असावा.

“गेली. पन आता येशूपायी गेली. तुज्या खोट्यापायी नाय.”

मुलगी चुळबुळ करू लागली, तिला नीट धरत मी म्हणाले, “माझ्याकडे या ना उद्यापासून. हवी तेवढी प्रार्थना करा.”

“नाय.”

“वेळ नाही का?”

“येल हाय. सगला दिस मोकला हाय, तुज्यापायी.”

मुलीनं त्यांच्याकडे दोन्ही हात टाकले आणि ती माझ्या कडेवरून झेपावली. गुणाबाई क्षणभर थांबल्या. मग आपले हात पदराखाली घेऊन जिना उतरू लागल्या.