मागं नेणारं बटण

मित्रांनो, मी कीबोर्डवरचं एक जुनं बटण आहे. वरच्या रांगेत राहतं, नाव एफ-सात. हसू नका! स्पेसबार वापरून वापरून गुळगुळीत झालेला, एंटरचा रुबाब तर विचारूच नका. मला मात्र कुणी बोटही लावत नव्हतं. अंगावर नुसती धूळ साचायची.

आमचा कीबोर्ड कोल्हापुरातल्या विजयसिंह आबांचा. आबांनी हयातभर कुस्तीच्या मैदानात माइकवरून कुस्त्यांचं वर्णन केलं. आता ते त्या आठवणींचं पुस्तक टाइप करत होते, एका बोटानं. तालमीतल्या जुन्या सवंगड्यांना त्यांनी शब्द दिला होता, की दसऱ्याला पुस्तक तुमच्या हातात देतो.

पण आबांच्या आठवणी कधी ओळीनं येतच नसत. मलकापूरच्या मैदानाबद्दल लिहिताना मध्येच ओरडायचे, "आयला, त्या ज्ञानू पैलवानाचं मागं लिवलंय, तितं एक डाव सांगायचा ऱ्हायला की!" मग माऊस धरायचे. चाक फिरवायचे, पानं भराभर पळायची, ज्ञानू काही सापडायचा नाही आणि लिहीत होते ती जागाही हरवायची. एके दिवशी ते माऊस आपटून उठले. "बास! न्हाय लिवत पुस्तक. सांगतो तालमीत तसं." मला फार वाईट वाटलं.

त्यांची लेक स्वप्नाली प्रोग्रॅमर. ती म्हणाली, "आबा, माऊस सोडा. मी तुम्हाला एक बटणच तयार करून देते." आबा ज्यात टाइप करायचे त्या एडिटरमध्ये तिनं छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकासाठी चार सूचना, लिहिली. कर्सर ज्या नावावर असेल, ते नाव त्याआधी जिथं आलंय तिथं त्यानं उडी मारायची. शिफ्टबरोबर दाबलं, की जिथून निघाला त्या जागी परत. आणि या कामाला तिनं निवडलं कुणाला? मला!

आबांनी ज्ञानूच्या नावावर कर्सर ठेवला आणि मला दाबलं. कर्सर ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्मच!

"आगं, ह्यो तर जागच्या जागी बैठका मारतोय!" आबा गरजले. लाजेनं मला कुठं लपू असं झालं. स्वप्नाली मात्र हसत सुटली. शोध कर्सरखालच्या नावापासूनच सुरू होत होता, म्हणून दर वेळी तोच ज्ञानू सापडायचा. तिनं कर्सरला आधी नावाच्या अलीकडं यायला सांगितलं, मग शोधायला. आबांनी मला दाबलं, आणि काय सांगू! कर्सर थेट मागच्या प्रकरणात, ज्ञानूच्या पुढ्यात!

"व्हय की! हाय की हितं!" आबांनी मांडीवर थाप मारली. त्या दिवसापासून मला उसंत नाही.

पुस्तक संपत आलं. शेवटी आबांनी आभार लिहायला घेतले. त्यांची बायको बयाबाई चहा घेऊन आली. आबांनी ऐटीत तिचं नाव टाइप केलं. "बग, तुजं नाव मागं कुटं कुटं आलंय ते." त्यांनी मला दाबलं.

पडद्यावर आलं: सापडलं नाही.

"आवं, बटन बिगाडलं आसंल," बयाबाई हसून म्हणाली.

मी बिघडलं नव्हतं. आबांनी मला पुन्हा एकदा दाबलं, तेच उत्तर. मग म्हणाले, "बटन बराबर हाय. मीच इसरलो गं."

चहा तसाच राहिला. आबा पहिल्या पानावर गेले आणि नव्यानं लिहू लागले: पहाटे उठून थंडाईचे बदाम वाटणारी बयाबाई, राधानगरीच्या माहेराहून तुपाचा डबा आणणारी बयाबाई. ती शेजारी बसून चुका काढायची. "ज्ञानू हरला तवा जेवला न्हवता. म्याच भरवलं त्याला. ते लिवा की!"

दसऱ्याच्या आधी पुस्तक छपाईला जाताना तिनं स्वतःच्या बोटानं मला दाबलं. दाबतच राहिली. कर्सर उड्या मारत मारत पार पहिल्या ओळीपर्यंत पोचला.

"आगं बाई, सगळीकडं मीच की!"

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातलं एखादं नाव मागं शोधून सापडत नसेल, तर आजच लिहायला बसा. आणि कधीतरी माझ्यासारख्या बटणावरची धूळही पुसा. बयाबाई मला रोज पदरानं पुसते.