निळ्यांच्या कोचचा नंबर

चष्मेवाल्यांकडे नंबर काढायला गेलेल्या माणसाला निळ्या फुटबॉल संघाची रडकथा फुकटात ऐकायला मिळे. अंधाऱ्या खोलीत, नाकावर तपासणीची ती जड फ्रेम चढवलेलं गिऱ्हाईक उठून पळू शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "खालची ओळ वाचा," असं म्हणून ते काच बदलत आणि बदलता बदलता निळ्यांच्या कोचवर घसरत.

"डावीकडचा तो बचाववाला बघितलात? चेंडू आला की पाहुण्याला वाट द्यावी तसा बाजूला होतो. अकरा सामने झाले, तरी कोच त्याला बसवत नाही. आंधळा आहे हो तो माणूस. आता बरं दिसतंय की मघाशी?"

घरी ऐकायला मेहुणा होता. बायकोचा हा धाकटा भाऊ लिफ्टदुरुस्तीचं काम करी आणि पिवळ्या संघाचा कट्टर चाहता होता. दर रविवारी दुपारी सामना बघायला तो बहिणीकडे येई. टीव्हीवर चित्र सात-आठ सेकंद उशिरा पोचतं हा शोध त्याला लागला होता. म्हणून एका कानात रेडिओची कॉमेंट्री लावून तो बसे आणि गोल व्हायच्या आधीच गालात हसे. त्या हसण्याने भावोजींच्या अंगाचा तिळपापड होई.

"रेडिओ काढ," ते म्हणत.

"टीव्हीवरचा कॉमेंटेटर तुमच्या बाजूचा आहे, भावोजी. मला खरं ऐकायचंय."

"आमच्या बाजूचा? तो पिवळ्यांचं पाणी भरतो."

एका मंगळवारी, भर दुपारी, टोपी भुवयांपर्यंत ओढलेला एक दांडगा माणूस दुकानात शिरला. खोलीत गेल्यावर त्याने टोपी काढली, आणि चष्मेवाल्यांच्या हातातली काच निसटता निसटता राहिली. समोर निळ्यांचे कोच बसले होते.

या माणसाला सुनवायची वाक्यं चष्मेवाल्यांनी आंघोळ करताना, दुकानाचं शटर उचलताना, अंथरुणावर पडल्या पडल्या घोकून ठेवली होती. आता तोंडातून बाहेर आलं ते एवढंच, "हनुवटी जरा वर घ्या."

तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर कोचसाहेबांनी वाचलं. दुसरी ओळ त्यांनी अंदाजाने सांगितली. तिसऱ्या ओळीला त्यांनी विचारलं, "तिथे ओळ आहे का?"

नंबर निघाला उणे तीन, दोन्ही डोळ्यांना.

"मैदानाची पलीकडची बाजू कशी दिसते तुम्हाला?" चष्मेवाल्यांनी जपून विचारलं.

"रंग दिसतात. निळा आपला, पिवळा त्यांचा. बाकी लोकांच्या ओरडण्यावरून कळतं." कोचसाहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. इतके दिवस मला दिसतच नव्हतं हे खेळाडूंना कळलं तर माझं ऐकणार कोण?"

चष्मेवाल्यांनी शब्द दिला. धंद्याची नीतीच ती, गिऱ्हाइकाचे डोळे चव्हाट्यावर मांडायचे नसतात. पण त्या दिवसापासून त्यांचं तोंड दाबून बुक्क्यांचा मार असं झालं. अकरा सामने ते जे बोंबलत होते ते शब्दशः खरं निघालं होतं, आणि सांगायची सोय नव्हती. गिऱ्हाइकं तपासून घेऊन दहा मिनिटांत सुटू लागली. जेवताना मेहुण्याचा फोन आला. "काय भावोजी, तुमचा आंधळा यंदा कुणाला खेळवणार?" यावर ते फक्त "बघू" म्हणाले. बायकोने वाढायचं थांबवून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अंगात कसकस आहे का?"

"नाही."

"मग दुकानात कुणाशी भांडलात?"

"अगं, नाही म्हटलं ना."

गुरुवारी कोचसाहेब चष्मा घेऊन गेले. रविवारी नेमका पिवळ्यांशीच सामना होता.

खेळ सुरू झाला आणि टीव्हीवर कोचचा चेहरा आला, नाकावर काळ्या फ्रेमचा चष्मा. कॉमेंटेटरने त्यावर दोन मिनिटं घालवली. मेहुण्याला हसू आवरेना. "कुठल्या गाढवाने ही फ्रेम दिली यांना? हिशेब तपासायला आलेले साहेब दिसतायत."

चष्मेवाल्यांनी गाढव हा शब्द मुकाट्याने गिळला. त्यांना वेगळाच घोर लागला होता. डावी काडी कानावर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी वर बसली होती, आणि ती त्यांची चूक होती.

विसाव्या मिनिटाला चेंडू डावीकडे गेला. बचाववाल्याने नेहमीप्रमाणे वाट दिली. पिवळ्यांचा फटका खांबाला लागून परतला. कॅमेरा कोचवर गेला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, डावीकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. दोन मिनिटांत तो बचाववाला राखीव बाकावर होता.

"अरेच्चा," मेहुणा म्हणाला, "याला उजाडलं कधी?"

त्यानंतर मेहुणा एकदाही हसला नाही. शेवटच्या दहा मिनिटांत त्याने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं, तेव्हाच चष्मेवाल्यांनी ओळखलं. आठ सेकंदांनी निळ्यांचा गोल टीव्हीवर झाला. निळे जिंकले. बायकोला नवऱ्याचा ताप उतरल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी बातमी आली की निळ्यांच्या मंडळाने कोचला काढलं.

चष्मेवाल्यांना काही कळेना. अकरा सामने हरला तेव्हा ठेवला आणि जिंकला तर काढला? मेहुण्याने तर फोनवरच सांगितलं, "असलं मंडळ आम्हाला मिळालं असतं तर मीसुद्धा तुमच्यासारखा मूग गिळून बसलो असतो, भावोजी."

चार दिवसांनी कोचसाहेब स्वतःच दुकानात आले. या वेळी टोपी नव्हती.

"तो डावीकडचा मुलगा अध्यक्षांचा जावई आहे," ते म्हणाले. "लोक म्हणायचे तो वाईट खेळतो. मला वाटायचं, जावई म्हणून जळतात. पण इतका वाईट असेल असं वाटलं नव्हतं हो."

चष्मेवाल्यांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे तुमची नोकरी गेली."

"गेली, पण दुसरी लागलीय. येत्या सोमवारपासून पिवळ्यांकडे. ते म्हणाले, सामन्यात मध्येच बदल करायची छाती लागते. मला दुसरा चष्मा हवाय, धावताना न घसरणारा. हा कानावर टोचतो."

 चष्मेवाल्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला फक्त एवढंच सांगितलं, की पिवळ्यांच्या नव्या कोचचा चष्मा आपल्याकडून जातोय. तिने आमटी वाढता वाढता सुचवलं, "मग काचा जरा अंधुकच घालायच्या की."

"काहीतरीच काय बोलतेस," ते म्हणाले. पण घास हातात धरून ते बराच वेळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्यांनी आधी कोचसाहेबांची नवी फ्रेम हातात घेतली, डावी काडी गरम केली, वाकवली, पुन्हा गरम केली. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. त्यांना ते म्हणाले, "बसा जरा. हे काम घाईत करायचं नाही."